संगणकशास्त्रातली पीएचडी, इकॉलॉजीतली फेलोशिप: अर्ज कुठे आणि कसा करावा?

निशाचर

नमस्कार मंडळी.

चार-पाच महिन्यांत थिसिस सबमिट करतोय. पीएचडी संगणकशास्त्रातली, विषय प्राण्यांचे आवाज ओळखणारी मॉडेल्स. जंगलात लावलेल्या रेकॉर्डरमध्ये रात्रभर जे साठतं, त्यातून कोणता बेडूक किती वाजता ओरडला हे मशीनकडून काढून घ्यायचं, एवढं माझं काम. चार वर्षं मी अचूकतेचे आकडे वर नेत होतो. तीन पेपर आहेत, तिन्ही मशीन लर्निंगच्या परिषदांमधले, दोनांत मी पहिला लेखक.

गेल्या वर्षी एका रात्रीचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं वेळ आणि स्वराच्या उंचीनुसार काढलेलं चित्र) उघडून बसलो होतो. खालच्या पट्ट्यात एका जातीची हाक, वरच्या पट्ट्यात दुसरीची. दोघं एकाच वेळी ओरडतच नव्हते. पहिल्याची हाक संपली की त्या फटीत दुसऱ्याची सुरू, ती संपली की परत पहिल्याची. जवळजवळ चाळीस मिनिटं असं चाललं होतं. माझ्या मॉडेलच्या दृष्टीने ती फक्त दोन बरोबर उत्तरं होती. मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही. ते एकमेकांना टाळतात का? तिसरी मोठ्या आवाजाची जात आली तर काय होतं? एखादी जात गप्प बसवली जाते का, आणि तसं झालं तर तिची संख्या पुढे घटते का?

हे प्रश्न इकॉलॉजीचे आहेत आणि मी त्यात एकही कोर्स केलेला नाही. पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) फेलोशिप घेऊन या बाजूला यायचं आहे. माझे प्रश्न असे:

संगणकाच्या माणसाला इकॉलॉजीसाठी पैसे देणाऱ्या फेलोशिप कोणत्या? इकॉलॉजीत एकही पेपर नसताना अर्ज करण्यात अर्थ आहे का, की आधी कुणाच्या तरी प्रोजेक्टवर दोन वर्षं साधा पोस्टडॉक करावा? होस्ट लॅबला, म्हणजे जिथे जाऊन काम करायचं त्या लॅबला, पहिली ईमेल काय लिहायची? आणि प्रस्तावात मॉडेलबद्दल किती लिहायचं? माझे गाईड म्हणतात, तुझी ताकद तीच आहे, पानभर तेच लिही. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे सांगता येत नाही.

पाणवठा

निशाचर, तुमची ती चाळीस मिनिटं वाचली आणि लगेच लिहायला बसले. तुमचा प्रस्ताव तिथेच आहे. बाकी सगळं त्याच्याभोवती रचायचं.

माझं थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. पीएचडी भौतिकशास्त्रातली, नंतर इकॉलॉजीत. पहिल्या वर्षी दोन फेलोशिपना अर्ज केला, दोन्ही नाकारल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी एक मिळाली. अलीकडे दोनदा अशाच अर्जांच्या पॅनेलवर बसले आहे.

पहिल्या नकाराबरोबर दोन रिव्ह्यूअरची मतं आली होती. एकाने लिहिलं होतं की गणिती पद्धतीत नवं काही नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं की जीवशास्त्राचा प्रश्न कोणता तेच कळत नाही. म्हणजे ना धड इकडची, ना धड तिकडची. आठ दिवस नुसता राग आला. मग प्रस्ताव काढून पहिलं वाक्य वाचलं: "या प्रकल्पात आम्ही पर्यावरणीय कालमालिकांसाठी एक नवी बहुस्तरीय चौकट विकसित करू." त्या वाक्यात एकही प्राणी नव्हता. पहिल्या दीड पानात नव्हता.

या क्षेत्रात अर्ज पडतात ते बहुतेक इथेच. पॅनेलवर आठ-दहा माणसं असतात, त्यातल्या दोघांना तुमचं मॉडेल कळणार, दोघांना तुमचे बेडूक. उरलेले पहिल्या पानावर विचारतात, "हे कळलं तर काय बदलेल?" त्याचं उत्तर मॉडेलच्या रचनेच्या पानभर वर्णनात सापडत नाही. तुम्हाला गाईडचं म्हणणं पटत नाही त्याचं कारण हे असावं. त्यांचंही चूक नाही, ती ताकद आहेच. पण मॉडेल अशा जागी आलं पाहिजे की वाचणाऱ्याला वाटावं, याच्याशिवाय हा प्रश्न सुटणारच नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण माझा दुसरा प्रस्ताव तिच्यातूनच उभा राहिला.

माझ्याकडे बारा ठिकाणच्या रेकॉर्डरचा दोन हंगामांचा डेटा होता. मी स्वतः गोळा केलेला नाही, एका सहकाऱ्याच्या चमूने केलेला. मी त्याचा तक्ता केला: आडव्या ओळी रात्रींच्या, उभे रकाने जागांचे, ओरडला तर १, नाहीतर ०. आलेख काढला तर एका जातीचा आवाज दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर चार जागी एकदम थांबलेला. मी त्यावर मॉडेल बसवलं, एक जात दुसरीला किती दडपते याचा, म्हणजे स्पर्धेचा, गुणांक काढला, सगळं छान जुळत होतं. तो आलेख घेऊन त्या सहकाऱ्याकडे गेले. त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे पंधरा दिवस आम्हाला वर जाता आलं नव्हतं. पूल वाहून गेला होता. बॅटऱ्या संपल्या असणार."

मी घरी येऊन फाइलींची यादी उघडली. नावांच्या शेजारी आकाराचा रकाना असतो ना, तो मी कधी पाहिलाच नव्हता. एकसारख्या मोठ्या फाइली, मग त्या चार जागी एक अर्धवट फाइल, मग शून्य बाइटच्या, मग काहीच नाही. माझ्या स्क्रिप्टने त्या रिकाम्या रात्रींना ० भरला होता. बेडूक कुठेही गेला नव्हता. ऐकणारा कान बंद होता.

"दिसला नाही" आणि "नव्हता" यातलं अंतर हा इकॉलॉजीतला फार जुना प्रश्न आहे. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा ऑक्युपन्सी मॉडेलवरचा (जात एखाद्या जागी आहे का, याचा अंदाज काढणाऱ्या मॉडेलवरचा) पेपर आधी वाचा: एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहणी करून, तिथे असूनही न सापडण्याची शक्यता वेगळी काढायची. पण त्या मूळ मॉडेलचं एक गृहीतक आहे, की नसलेली जात चुकून "आहे" अशी नोंदली जात नाही. तुमचं मशीन तर ही चूक रोज करत असणार. रॉइल आणि लिंक यांनी २००६ मध्ये दोन्ही बाजूंच्या चुका धरणारं रूप मांडलं. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या बर्डनेटसारखं साधन ३ सेकंदांच्या तुकड्यामागे एक गुण देतं, लोक तो गुण संभाव्यता समजून ०.७ वर किंवा ०.८ वर रेघ मारतात आणि पुढे जातात. तो गुण संभाव्यता नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तुमची खरी ताकद इथे आहे. वर्गीकरणातली चूक पुढच्या इकॉलॉजीच्या निष्कर्षापर्यंत कशी वाहत जाते, हे दोन्ही टोकांकडून समजणारी माणसं कमी आहेत. आणि तुमच्या बाबतीत ती चूक साधी नाही. दोन जाती एकाच वेळी ओरडल्या तर मशीनला त्यातली एक ऐकू न येण्याची शक्यता जास्त. म्हणजे "ते एकमेकांना टाळतात" हा निष्कर्ष मशीनच्या बहिरेपणातूनही निघू शकतो! हे तुम्ही स्वतः प्रस्तावात आधी लिहा आणि ते कसं तपासणार तेही लिहा. सोपी सुरुवात म्हणजे दोन्ही हाका मुद्दाम एकमेकांवर चढवून मॉडेलला ऐकवायच्या, किती सुटतात ते मोजायचं. मग प्रत्यक्ष पाण्याकाठी स्पीकर लावून एका जातीची हाक वाजवायची आणि दुसरी गप्प होते का ते पाहायचं. नुसत्या रेकॉर्डिंगमधून कारण सिद्ध होत नाही. प्लेबॅकसाठी तुम्हाला क्षेत्रात काम केलेला होस्ट हवा, आणि होस्ट कोण हवा या प्रश्नाचं उत्तरही तेच.

फेलोशिप. मला माहीत असलेल्या सांगते.

तुमच्यासाठी पहिलं नाव ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप. ती मुळात भौतिकशास्त्र, रसायन, गणित, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र यांत पीएचडी करून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठीच आहे. तीन वर्षांची. तिथे इकॉलॉजीत पेपर नसणं ही उणीव धरत नाहीत, पण प्रमुख लेखक म्हणून निदान एक पेपर लागतो. देशही बदलावा लागतो. आधी छोटं आशयपत्र, त्यातून निवड झाली तर पूर्ण प्रस्ताव. त्यांना सजीवांच्या यंत्रणेचा मूलभूत प्रश्न हवा असतो, त्यामुळे "इतक्या जागी इतक्या जाती मोजू" असा सर्वेक्षणाचा प्रस्ताव तिथे चालणार नाही. "एक आवाज दुसऱ्याला कसा गप्प करतो" हा चालेल.

मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप युरोपीय संघाची. कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो, विषयाचं बंधन नाही. अट अशी की आधीच्या ३६ महिन्यांत त्या होस्ट देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला पीएचडी झालेली असावी. व्हायवा (थिसिसची तोंडी परीक्षा) यशस्वी झाला असेल तर पदवीदान बाकी असलं तरी चालतं. तुमचं वेळापत्रक इथे नीट जुळवा. ८५ टक्के किंवा जास्त गुण पडून पैसे नाही मिळाले तर सील ऑफ एक्सलन्स हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या जोरावर काही देश, काही संस्था स्वतःच्या खिशातून पैसे देतात. उलट गुण ठरावीक मर्यादेच्या खाली पडले तर त्याच होस्टबरोबर लगेच पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, म्हणून "एकदा टाकून बघू" असं इथे करू नका.

श्मिट सायन्स फेलो ही पीएचडीचा विषय सोडून दुसरीकडे वळणाऱ्यांसाठी आहे, पण थेट अर्ज नाही, विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते आजच विचारा, कारण विद्यापीठाची आतली निवड बरीच आधी होते. ब्रॅंको वाइस ही पाच वर्षांपर्यंतची, जगात कुठेही नेता येते, वर्षाला १ लाख स्विस फ्रँकपर्यंत. ती फार मोकळी आहे आणि म्हणूनच प्रश्न स्वतःचा, ठाम लागतो. माझ्या मते पहिल्याच वर्षी नको. सांता फे इन्स्टिट्यूटची फेलोशिप सिद्धांताकडे कल असेल तर पाहा.

साधा पोस्टडॉक आधी करावा का? तुमच्या बाबतीत मी म्हणेन, दोन्ही समांतर करा. फक्त लक्षात ठेवा की बहुतेक फेलोशिपचं घड्याळ पीएचडीच्या तारखेपासून चालू होतं.

कोशिका

पाणवठाताईंनी मुख्य ते लिहिलं आहे. मी जीनोमच्या बाजूचा, त्यामुळे बेडकांबद्दल बोलत नाही. एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक फेलोशिप राहिली. तिला ठरावीक शेवटची तारीख नसते, वर्षभर अर्ज घेतात, पण पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दोन वर्षांपर्यंतचे पैसे. देशांचे नियम मात्र नीट वाचा.

एक गोष्ट संगणकवाले नेहमी विसरतात, मीही विसरलो होतो. बजेटमध्ये साठवणूक. आम्ही प्रोसेसरच्या तासांचा हिशोब करतो आणि कच्चा डेटा कुठे राहणार हे लिहीत नाही. तुमचंच घ्या: एका चॅनेलवर १६ बिट, सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे तासाला सुमारे ३४५ एमबी. रात्रीचे बारा तास धरले तर एका रेकॉर्डरचे चार जीबीच्या वर. वीस रेकॉर्डर, शंभर रात्री, की आठ टीबीच्या पुढे. त्याच्या दोन प्रती हव्यात. वटवाघळांसाठी अल्ट्रासाउंड घेणार असाल तर हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. हे गणित दोन ओळींत प्रस्तावात आलं तर वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने काम डोळ्यांसमोर आणून पाहिलं आहे.

आणि पीएचडीचा कोड आत्ताच नीट करून ठेवा. झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात टाकून डीओआय (कायमचा संदर्भ क्रमांक) घ्या. इकॉलॉजीचा पेपर नसेल, पण इकॉलॉजीची माणसं तुमचं साधन वापरत असतील, तर ते अर्जात पेपरच्या खालोखाल वजन धरतं.

सावलीतली

मी थोडी वेगळी बाजू मांडते. निशाचर, घरी कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि लिहायलाच हवं असंही नाही. पण या बहुतेक फेलोशिप देश बदलायला लावतात आणि निकाल लागायला अर्जापासून पाच-सहा महिने जातात. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी क्युरीला अर्ज केला होता. त्यांच्याकडे पीएचडीनंतर संशोधनाची जास्तीत जास्त आठ वर्षं धरतात, पण मुलासाठी घेतलेली रजा त्यात मोजत नाहीत. मला हे ठाऊकच नव्हतं आणि आपण बाद झालो असं धरून मी एक अख्खं वर्ष अर्ज केला नाही. ते वर्ष अजून सलतं. कुटुंब असेल तर वेगळा भत्ताही असतो. म्हणून कुणालाही सांगते, अटी स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर स्वतःला बाद करू नका. शंका असेल तर फेलोशिपच्या कार्यालयाला सरळ ईमेल करा. ते उत्तर देतात.

दुसरं, होस्टची निवड. मोठ्या नावाच्या मागे न लागता त्या लॅबमधून आधी गेलेल्या दोन पोस्टडॉकशी फोनवर बोला. एकच प्रश्न विचारा: निघताना तुमचा प्रोजेक्ट तुमच्याबरोबर नेऊ दिला का? फेलोशिप तुमच्या नावाची असली तरी पुढे स्वतःची लॅब उभारताना हाच प्रश्न येऊन उभा राहतो. मी तो विचारला नव्हता.

निशाचर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठाताई, तुमचं वाचून काल रात्री स्वतःच्या डेटाच्या फाइलींचे आकार पाहिले. दोन जागी शेवटचे नऊ दिवस फाइलीच नाहीत. माझ्या पेपरच्या निकालांवर परिणाम नाही, कारण तिथे मी रिकाम्या रात्री घेतल्याच नव्हत्या, पण जाग आली. आणि हाका एकमेकांवर चढवून पाहिल्या. घाईची चाचणी आहे, तरी वरच्या पट्ट्यातली जात बरीच सुटते. म्हणजे माझ्या चाळीस मिनिटांतलं काही प्रमाणात मशीनचं असू शकतं. थोडा वेळ फार वाईट वाटलं. मग ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून पूर्ण ऐकलं, हाताने खुणा केल्या. फट खरी आहे. मशीन दाखवतं तेवढी स्वच्छ नाही, पण आहे.

कोशिका, साठवणुकीचं गणित मी केलंच नव्हतं. सावलीतली, बायको नोकरी करते, त्यामुळे देश बदलण्याचा प्रश्न आमच्याकडेही आहे. आज आम्ही दोघं बसून अटी वाचणार आहोत.

पहिलं वाक्य असं लिहिलंय: "स्वयंचलित ध्वनिमुद्रणाच्या सहाय्याने उभयचर समुदायांमधील ध्वनी-स्पर्धेचा अभ्यास करण्यासाठी त्रुटी-सजग मॉडेल विकसित करणे." कसं वाटतं?

पाणवठा

हेडफोन लावून पूर्ण ऐकलंत, हे फार चांगलं केलंत. ती हाताने केलेली खुणांची फाइल जपून ठेवा, प्रस्तावातली पहिली आकृती तीच असेल. वर मशीनने काढलेलं, खाली कानाने काढलेलं, दोन्हींत फट.

वाक्य मात्र माझ्या पहिल्या प्रस्तावाच्या वळणाचं झालंय. "विकसित करणे" वर संपणारं वाक्य पहिलं नको. तुम्ही इथे पहिल्या दिवशी जे लिहिलंत तेच घ्या: "एका पाण्याकाठी दोन जातींचे बेडूक एकमेकांच्या हाकांमधल्या फटीत ओरडतात. तिसरी, मोठ्या आवाजाची जात आली की ही फट बुजते का, आणि तसं झालं तर गप्प झालेल्या जातीच्या पुढच्या पिढीचं काय होतं?" त्याच्या खाली एक ओळ: आजवर हे मोजता आलं नाही कारण ज्या क्षणी दोन हाका एकमेकांवर येतात नेमक्या त्याच क्षणी आपली साधनं कमी ऐकतात. तिसऱ्या ओळीत तुम्ही या. चार वर्षांचं काम, तीन पेपर, सगळं तिथे बसेल आणि गाईडनाही पटेल.

पुढच्या पिढीचं खरंच मोजणार असाल तर अंड्यांचे पुंजके किंवा डिंभ (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) मोजणारं कुणीतरी हवं. तीन वर्षांत ते झेपणार नसेल तर प्रश्नातून तो भाग काढा. पॅनेल असा जास्तीचा शब्द नेमका पकडतं.

होस्टला ईमेल छोटी लिहा. त्यांच्या एका पेपरमधला तुम्हाला खरोखर अडलेला एक प्रश्न, तुमची आकृती जोडलेली, आणि कोणत्या फेलोशिपला कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचाय ते. स्वतःचा सीव्ही शेवटी. मी सात जणांना लिहिलं होतं, दोघांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या एकीने दुसऱ्याच दिवशी विचारलं की तुमच्या आकृतीत आठव्या मिनिटाला काय झालं. तिच्याकडे गेले.

अर्जाच्या तारखेच्या आधी निदान तीन महिने लिहा, कारण होस्टची सही आणि संस्थेचं पत्र यालाच सहा आठवडे जातात. मसुदा झाला की इथे पहिलं पान टाका, मी वाचेन.